ठोके कुणाचे?

पोटुशी बाई तपासणीच्या टेबलावर आडवी झाली की आधी छताकडं बघते, मग नर्सच्या तोंडाकडं, आणि विचारते, "सिस्टर, जीव हाय ना?" बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवर एएनएम म्हणून माझी सगळी नोकरी गेली. हा प्रश्न बागाईतदाराच्या सुनेनं विचारला, तांड्यावरच्या पोरीनं विचारला, बुरखा सावरत आलेल्या भाभीनंही विचारला. माझं उत्तर ठरलेलं असायचं : "ठोके चांगले आहेत." मग मी रजिस्टरमध्ये एफएचएसच्या, म्हणजे बाळाच्या ठोक्यांच्या, रकान्यात १४० लिहायचे, लोहाच्या गोळ्या मोजून द्यायचे आणि पुढचीला हाक मारायचे.

बाई विचारायची जिवाचं आणि मी सांगायचे ठोक्यांचं. दोन्ही एकच का, याचा विचार करायला ड्यूटीवर सवड नसते. ती निवृत्तीनंतर मिळाली, आणि प्रश्न पुढ्यात आणून टाकला तो माझ्या भाच्यानं.

भाचा पुण्याला आवाजाच्या यंत्रांवर काम करतो. दिवाळीला गावी आला तेव्हा त्यानं माझ्या कानांत इअरबड घातले. एरवी तरणी पोरं गाणी ऐकायला घालतात तेच, पण आतलं सॉफ्टवेअर यानं बदललेलं. "आत्या, हालू नको, बोलू नको, गिळू पण नको," म्हणाला. मोबाईलवर एक रेघ वरखाली व्हायला लागली. माझं मनगट मी सवयीनं धरलंच होतं. बोटाखालची नाडी आणि पडद्यावरचा उंचवटा सोबतीनं येत होते. मी आवंढा गिळला तशी रेघ वेडीवाकडी उधळली आणि परत ताळ्यावर आली. मग एक बड जरा सैल झाला आणि रेघ सपाट. "अगं बाई, बंद पडलं!" वहिनी ओरडली. भाच्यानं बड दाबून बसवला, रेघ पुन्हा उठली.

यातली करामत त्यानं समजावून सांगितली ती मला पटली. बाहेरचा गोंगाट मारणाऱ्या इअरबडमध्ये एक माइक आतल्या बाजूला, कानाच्या पडद्याकडं तोंड करून बसवलेला असतो. गोंगाट किती उरला याची खबर ठेवणं हे त्याचं नेमून दिलेलं काम. पण रबरी टोपी कानात घट्ट बसली की आत हवेची एवढीशी पोकळी कोंडली जाते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कानाच्या नळीच्या भिंतीतल्या बारीक धमन्या फुगतात, पोकळी तेवढी आवळते, आतला दाब कणभर चढतो. माइक तो दाब टिपतो. ही हालचाल सेकंदाला साधारण एकदा होणारी. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस कंपनांच्या खालचं ऐकू येत नाही, त्यामुळं आपल्याच कानात चाललेलं आपल्याला कळत नाही. टोपी सैल पडली की दाब निसटतो, म्हणून ती रेघ सपाट झाली होती. २०२३ साली गुगलच्या संशोधकांनी आणखी एक युक्ती मांडली : इअरबडच्या स्पीकरमधून माणसाला न ऐकू येणारा बारीक आवाज कानात सोडायचा आणि आतल्या माइकनं त्याचा पडसाद ऐकून धमन्यांची हालचाल ओळखायची. जास्तीचं कसलंच यंत्र लागत नाही.

"बघ आत्या, हे तुझं हृदय," भाचा म्हणाला.

शेजारचे अण्णा तिथंच बसले होते. भजनी मंडळात त्यांचा मृदंग असतो. त्यांनीही इअरबड घालून बघितले. भाच्यानं ती हालचाल आवाजात बदलून ऐकवली तसे डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "हाच तो अनाहत नाद. नाथांपासून सगळे हेच सांगत आले. आज मशीननं सिद्ध केलं."

दिवाळीच्या फराळावर दोन विधानं झाली. एक म्हणालं हे तुझं, दुसरं म्हणालं हे परमार्थाचं. मला दोन्हींत खोट दिसत होती, पण तिथल्या तिथं सांगता येईना.

आधी 'तुझं' घेऊ.

माझ्या हातात उभी हयात जे साधन होतं त्याचा शोध पॅरिसच्या पिनार्ड नावाच्या प्रसूतितज्ज्ञानं १८९५ मध्ये लावला. दोन्हीकडून पसरट तोंडाची एक पोकळ नळी, कुठं लाकडी, कुठं ॲल्युमिनियमची. आम्ही तिला फिटोस्कोप म्हणतो. आधी दोन्ही हातांनी पोट चाचपून बाळाची पाठ कुठल्या अंगाला आहे ते शोधायचं, कारण ठोके पाठीकडून स्वच्छ येतात. मग रुंद तोंड तिथं टेकवायचं, दुसऱ्या तोंडाला कान लावायचा आणि नळीवरचा हात काढून घ्यायचा. हात राहिला तर बोटांची खरखर कानात येते. पंखा बंद, बाहेरच्या बायांना गप्प करायचं. एवढं झालं तरी पोटात निरनिराळे आवाज असतात. गर्भाशयाकडं धावणाऱ्या आईच्या रक्ताची एक फुसफुस असते, नाळेतून जाणाऱ्या रक्ताची दुसरी, आतड्यांची गुरगुर तिसरी. नवखी पोरगी यातलं काहीही ऐकते आणि खूश होऊन आकडा लिहिते.

म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं : कान नळीला, बोट आईच्या मनगटाला. दोन्ही एका तालात आले तर तू आईला ऐकते आहेस, बाळाला नाही. आईचे ठोके सत्तर-ऐंशी, बाळाचे एकशे वीस ते एकशे साठ. घाबरलेल्या, ताप भरलेल्या आईचे एकशे वीसच्या वर जातात तेव्हा खरी परीक्षा. अशा वेळी चुकीचं समाधान देणं म्हणजे आत दमलेल्या बाळाला वाऱ्यावर सोडणं. नर्सचं सगळं कसब ठोके ऐकू येण्यात नाही, ते कुणाचे आहेत हे ओळखण्यात आहे. अडलेली बाई आम्ही अंबाजोगाईला 'स्वाराती' रुग्णालयात पाठवायचो, तेव्हा गाडीत बसेपर्यंत एका हाताला तिचं मनगट असायचं.

मी मनगट धरलेलं होतं म्हणून भाच्याच्या रेघेवर माझा विश्वास बसला. ते ठोके माझ्या अंगातले होते यात वाद नाही. अंगातले म्हणजे माझे, हे मात्र तपासावं लागतं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक बारका पुंजका असतो, तिथून ठोक्याचा हुकूम सुटतो. तो मला विचारून सुटत नाही. दिवसाला लाखभर ठोके पडतात आणि त्यातला एकही मी पाडलेला नसतो. मला श्वास घटकाभर रोखता येतो, पापणी मिटता येते. ठोका रोखता येत नाही. भारतात पहिलं यशस्वी हृदयरोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं. असं दुसऱ्याच्या छातीतून आलेलं हृदय सगळे मज्जातंतू तुटलेले असतानाही चालतं. जुन्या धन्याचा किंवा नव्या धन्याचा मेंदू त्याला वेग सांगायला नसतो, म्हणून ते विसाव्यातही जरा जलद, नव्वद-शंभरच्या घरात चालतं. त्या माणसाच्या कानात इअरबड घातले तर रेघ उमटेलच. "हे तुझं हृदय" असं भाचा त्याला कोणत्या तोंडानं सांगेल?

घरात राहतो म्हणून भाडेकरू घराचा मालक होत नाही. शरीराच्या बाबतीत वेदान्ती हेच सांगत आले आहेत. ज्यांची समाधी आम्ही अंबाजोगाईच्या डोंगरात मानतो त्या मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे ११८८ चा, असं परंपरा सांगते. मराठीतल्या त्या आद्य ग्रंथाचं सगळं झटणं हेच, की जे दिसतं, कळतं, भोगलं जातं त्यातून पाहणारा वेगळा काढावा. माझ्या हृदयाची रेघ मला दिसली, याचाच अर्थ ती रेघ मी नव्हे.

ठोके माझे नसतील, पण ते जिवाचे असतील का? बाईचा मूळ प्रश्न तोच होता.

आमच्या भागात याला उत्तरं तयार असतात. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, लेकरू फिरायला लागलं की जीव आला. पहिलटकरणीला ते पाचव्या महिन्याच्या सुमाराला कळतं, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जरा आधी. मुसलमान बायांचा हिशोब चोख असायचा. "सिस्टर, चार महिने हो गए, अब रूह आ गई ना?" एकशे वीस दिवस झाले की फरिश्ता रूह फुंकतो, असं हदीसच्या आधारानं पुष्कळ उलेमा सांगतात. सुश्रुतसंहितेतही चौथा महिनाच आहे. हृदय हे चेतनेचं स्थान आणि ते चौथ्या महिन्यात व्यक्त होतं, म्हणून आई तेव्हापासून दोन हृदयांची, तिला जे खावंसं वाटेल ते द्यावं, असं सुश्रुत म्हणतो. चरकाच्या मते हे तिसऱ्या महिन्यात होतं. गर्भोपनिषद सातवा महिना सांगतं. हे दोन सोडले तर मदिना, सुश्रुत आणि केज तालुक्यातली म्हातारी यांचा हिशोब चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आसपास येऊन ठेपतो याचं मला पूर्वी फार नवल वाटायचं.

आता वाटत नाही. फिटोस्कोपनं ठोके ऐकू येतात तेही याच सुमाराला, साधारण पाच महिन्यांनंतर. आईला हालचाल कळते तीही याच सुमाराला. माणसाच्या शरीराला, कानाला आणि हाताला बाळ जेव्हा पहिल्यांदा कळायचं, तिथं शास्त्रांनी जीव ठेवला. पुढं हातात धरायचा डॉपलर आला, त्यानं तिसऱ्या महिन्यात ठोके ऐकवले. सोनोग्राफीच्या पडद्यावर सहाव्या आठवड्यातच काहीतरी फडफडताना दिसतं, तेव्हा हृदय म्हणजे अजून साधी नळी असते, कप्पे पडलेले नसतात. साधन जितकं तिखट झालं तितका जीव अलीकडं सरकला. खरा जीव काही सरकला नसणार, सरकली ती आपल्या कानाची हद्द. उद्या आणखी बारीक माइक आला तर लोक आणखी अलीकडची तारीख सांगतील आणि तिलाही धर्माचा आधार शोधतील. कायद्यालाही रेघ ओढावी लागते. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यानं ती वीस आठवड्यांवर ओढली, २०२१ च्या दुरुस्तीनं काही स्त्रियांसाठी चोविसावर नेली. पण इथं जीव येतो असा दावा कायदा करत नाही. ती व्यवहाराची रेघ आहे, आणि व्यवहाराची आहे हे कबूल करण्यात तिचा प्रामाणिकपणा आहे.

दुसऱ्या टोकालाही हेच. वाडीवर म्हातारं माणूस गेलं की डॉक्टर येईपर्यंत नर्सला बोलावणं यायचं : "सिस्टर, बघा बरं, गेले का." मी स्टेथोस्कोप छातीला लावायचे. तिथली शांतता ऐकणं हे ठोके ऐकण्यापेक्षा अवघड, कारण कुठवर ऐकत राहायचं ते कळत नाही. तेव्हा तरी ठोके थांबले म्हणजे जीव गेला, हे सगळ्यांना मान्य होतं. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि तेही गेलं. गोवा, हिमाचल आणि आपला महाराष्ट्र या राज्यांच्या ठरावांवरून संसदेनं तो केला. मेंदूचा देठ कायमचा बंद पडला की माणूस मेला, मग यंत्राच्या श्वासावर हृदय ठोके देत का असेना, असं तो कायदा मानतो. अतिदक्षता विभागात बाप झोपलाय, छाती वरखाली होतेय, पडद्यावर ठोके दिसताहेत आणि डॉक्टर सांगताहेत की ते आता नाहीत. त्या घडीला अवयव द्यायला 'हो' म्हणणाऱ्या घरच्यांना ठोका आणि जीव यांतलं अंतर एका रात्रीत शिकावं लागतं. आम्हा लोकांना ते कळायला ग्रंथ लागतात.

जीव येतो तेव्हा ठोका पुरावा होत नाही आणि जातो तेव्हाही होत नाही. मधल्या काळात तो सोबतीला असतो एवढंच.

अण्णांचं विधान यापेक्षा जड होतं, कारण त्यांच्या पाठीशी परंपरा होती. बीड जिल्हा नाथांचा. आष्टी तालुक्यात सावरगावला मच्छिंद्रनाथांची समाधी, मायंबाची यात्रा सगळ्यांना ठाऊक. नाथपंथी योग्यांनी नाद ऐकायची रीत सांगितली ती कान, डोळे, नाक, तोंड बोटांनी बंद करून. भाच्याच्या रबरी टोपीनं कानात जे केलं तेच अंगठ्यानं होतं : नळी बंद झाली की बाहेरचा आवाज थांबतो आणि अंगातला खर्जातला आवाज वाढतो, रक्ताचा, स्नायूंचा. आता स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत काय क्रम दिला आहे तो बघा. आधी समुद्र, मेघ, भेरी यांसारखे थोर आवाज, मग शंख आणि घंटा, शेवटी बासरी, वीणा आणि भुंगा. संशय घेणारा म्हणेल, समुद्र आणि भेरी हे रक्ताचेच आवाज, योगी फसले. अण्णा म्हणतात, तेच अनाहत, योगी जिंकले. दोघंही पहिल्याच पायरीवर भांडताहेत. ग्रंथ तर साधकाला सांगतो की मोठा नाद कानी पडत असताना त्याच्याहून बारीक असेल तिकडं लक्ष लाव, त्याच्याही पलीकडच्या बारकाव्याकडं जा, आणि शेवटी नाद आणि मन दोन्ही विरून जाऊ देत. भेरीपाशी थांब असं कुणीच सांगितलेलं नाही. अण्णांनी थांबून सत्कार सुरू केला.

याहून मोठा साक्षीदार आपल्या मराठवाड्यातच होऊन गेला. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारात हिशोबाचा कारभार पाहणारा शार्ङ्गदेव. घराणं मूळचं काश्मीरचं, स्वतः वैद्यकही जाणणारा. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. गाण्याच्या या ग्रंथात रागांच्या आधी गर्भ कसा घडतो हे येतं. एका नर्सला हा ग्रंथ आवडायला एवढं पुरे. कारण साधं आहे : नाद निघायचा तो शरीरातून, मग शरीर कसं बनतं ते आधी सांगायला हवं. त्यानंतर तो नादाचे दोन प्रकार करतो. काही आपटून, घासून, फुंकून निघतो तो आहत, आणि कशानंही न निघालेला तो अनाहत. अनाहताची उपासना मुनींनी गुरूच्या वाटेनं करावी, तो मुक्ती देतो, पण तो लोकांचं रंजन करत नाही, म्हणून मी आता आहताचं सांगतो, अशा अर्थाचं लिहून तो सरळ आपल्या कामाला लागतो. मला हा हिशेबनीस फार पटतो. आपल्या वहीत काय बसतं आणि काय नाही हे त्याला ठाऊक होतं.

त्याच्या कसोटीवर हृदयाचा ठोका कुठं बसतो? आम्हाला एएनएमच्या वर्गात शिकवलं होतं : पहिला आवाज 'लब', वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटल्याचा, दुसरा 'डब', हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडच्या झडपा मिटल्याचा. झडप मिटते, रक्त अडतं, धक्का बसतो, आवाज होतो. अण्णांच्या मृदंगावर थाप पडते तितकाच तो आहत. कानातल्या माइकनं टिपला तो धमनीच्या भिंतीचा धक्का, तोही आहतच. मायक्रोफोनला दुसरं काही टिपताच येणार नाही, कारण पडद्यावर काहीतरी आदळल्याशिवाय तो बोलत नाही. म्हणजे अनाहत नाद यंत्रानं सिद्ध होत नाही आणि खोटाही ठरत नाही. यंत्र त्या गावाला जातच नाही. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते नाराज झाले. म्हणाले, "तुमी नर्सा सगळं चिरून बघता." मी म्हटलं, "अण्णा, मी चिरत नाही. कुणाचं आहे ते विचारते."

सूफींच्या एका वाटेवर हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनं सांगतात. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्या बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याची, ते नक्शबंदी सिलसिल्याचे. त्या सिलसिल्यात मोठ्यानं नाम घेण्यापेक्षा मनातल्या मनात, डाव्या छातीखाली कल्ब आहे तिथं लक्ष ठेवून घ्यायच्या जिक्राला मान आहे. ओठ हलत नाहीत, आवाज होत नाही. ठोका ही तिथं नामाला मिळालेली लय आहे. नाम ठोक्याचं नाही, अल्लाहचं आहे. अण्णांचा टाळ-मृदंग सुद्धा लयच देतो. मृदंगालाच कुणी विठ्ठल म्हणत नाही.

आता उरला तो ऐकणारा. केनोपनिषद सुरूच होतं ते या प्रश्नानं, की मन, प्राण, वाणी, डोळा, कान यांना कामाला लावणारा कोण. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य सांगतात की जो ऐकतो तो स्वतः कधी ऐकू येत नाही. नोकरीत असताना अशी वाक्यं प्रवचनात कानावरून जायची. भाच्याचे इअरबड घातले आणि त्यांचा अर्थ हाताला लागला. माइक माझ्या कानाच्या आत होता, पडद्यापासून बोटाच्या पेरभर अंतरावर. माझं कुठलंच साधन माणसाच्या ऐकण्याच्या इतक्या जवळ गेलं नव्हतं. तिथून त्यानं माझं रक्त टिपलं, माझा जबडा, माझा आवंढा, माझं पाऊल. जे ऐकत होतं ते सोडून सगळं टिपलं.

इथवर आल्यावर एखादा वेदान्ती समाधानानं उठेल. मला उठता येत नाही, कारण मी बीड जिल्ह्यातली नर्स आहे.

स्टेथोस्कोपचा जन्म दुसऱ्याला ऐकण्यासाठी झाला. १८१६ साली पॅरिसमध्ये लॅनेकपुढं हृदयविकाराची एक तरुण बाई आली. तिच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून त्यानं कागदाची गुंडाळी करून तिच्यातून ऐकलं. बाईची लाज राखून तिच्या जवळ जायची ती युक्ती. बुरख्यातल्या बाईचे ठोके ऐकताना मला ती गोष्ट नेहमी आठवायची. पुढं सोनोग्राफी आली. पोटातल्या जिवाला त्याहून जवळून पाहता यायला लागलं आणि आमच्या जिल्ह्यात त्या पाहण्याचं काय झालं ते २०११ च्या जनगणनेत छापून आलं : सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं फक्त ८०७ मुली. राज्याचा आकडा ८९४ होता. गर्भलिंग तपासणीला मनाई करणारा कायदा १९९४ सालीच झाला होता. तपासून मुलीचा गर्भ पाडलेल्या बायांनाही सोनोग्राफीच्या खोलीत ठोके ऐकवले असतील. ठोके ऐकणं ही पवित्र गोष्ट आहे, ते ऐकलं की माणसाच्या मनात दया उपजते, असं कुणी सांगायला लागलं की मी हा आकडा पुढं करते. ऐकल्यानं आपोआप काही उपजत नाही. कोण ऐकतं आणि ऐकून काय करतं, सगळं त्यावर.

म्हणून धर्माच्या अंगानं मला भाच्याच्या यंत्रातली खरी अडचण वेगळीच वाटते. माझ्या हातातली आजवरची सगळी साधनं दुसऱ्याच्या छातीला, दुसऱ्याच्या पोटाला लागायची. ऐकणारा एक, ज्याचं ऐकायचं तो दुसरा, आणि ऐकलं की ऐकणारा बांधला जायचा. १४० चे ठोके ९० वर आले हे माझ्या कानाला कळलं की त्या क्षणापासून गाडी बोलावणं माझ्याकडं लागलं. इअरबड माणसाला स्वतःचंच ऐकवतात. त्याचा उपयोग आहे, नाही असं नाही. ठोक्यांचा ताल बिघडलेला लवकर कळला तर पक्षाघात टळेल. पण चार लोक डोळे मिटून आपापला ठोका ऐकत बसले आणि त्याला साधना म्हणायला लागले, तर मी विचारीन की बांधलं कोण गेलं? गीतेच्या अठराव्या अध्यायात ईश्वराचा पत्ता हृदयच दिला आहे, पण तो सर्व भूतांच्या हृदयाचा आहे. त्या हिशोबात माझी छाती ही असंख्यातली एक. देवाला तिथं शोधायला हरकत नाही, तिथंच शोधायला आहे.

दिवाळी सरली की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर जातात. एका कोयत्यात, म्हणजे तोडणीच्या जोडीत, नवरा-बायको दोघं मोजली जातात, त्यामुळं पोटुशी बाईही आगाऊ घेतलेली उचल फिटेस्तोवर फडात असते. तिचं तपासणीचं कार्ड इथं केजच्या रजिस्टरला, ती कारखान्याच्या माळावर कोपीत, म्हणजे झोपडीत. पहाटे मोळ्या वाहून आल्यावर पोटात हालचाल कमी वाटली तर ती कुणाला विचारणार? मुकादमाला? अशा बाईचे ठोके महिनोन्‌महिने कुणी ऐकत नाही. माझ्या नोकरीत फाल्गुनाला परत आलेल्या काही बायांच्या पोटाला कान लावून मी जे ऐकलं नाही, ते मला अजून विसरता येत नाही.

भाच्याला मी म्हटलं, तुझा माइक इतका हुशार आहे तर तो कोपीतल्या बाईच्या पोटावर चालव, मोबाईलवरून नर्सला कळेल असं कर. तो विचारात पडला, मग खरं काय ते बोलला. "होईल आत्या, जमण्यासारखं आहे. पण इअरबडला गिऱ्हाईक आहे, कोपीला नाही." त्याचं चूक नाही, कंपनी गिऱ्हाइकावरच चालते. पण जिथं गिऱ्हाईक नाही तिथून पुढचं काम कुणाचं, हे मला अण्णांच्या भजनी मंडळाला विचारायचं आहे, मशिदीच्या जमातीला विचारायचं आहे, आणि ठोक्यांत देव सापडला म्हणणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं आहे.